गावातली स्टीम रॅली: मुलांना न्यावं का, आणि शंभर वर्षांचा बॉयलर कितपत सेफ?

दादा, न्या मुलांना, बिनधास्त न्या. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. इंग्लंडमधल्या तुमच्या शेजारच्या गावात ऑगस्टमध्ये स्टीम रॅली आहे, तिथे सहा आणि नऊ वर्षांच्या पोरांना बघण्यासारखं काही असतं का, शंभर वर्षं जुन्या बॉयलरशेजारी पोरं उभी करायची भीती वाटते ती बरोबर की उगाच, आणि तुम्ही स्वतः मेकॅनिकलवाले असल्यामुळे त्यात हात घालायला मिळेल का. मी आधी कोल्हापूरकडे साखर कारखान्यात बॉयलर हाऊसला होतो, इकडे आल्यावर बरीच वर्षं उन्हाळ्यातले शनिवार-रविवार एका ट्रॅक्शन इंजिनवर काढतोय, कधी फायरिंग म्हणजे आग सांभाळणं, कधी स्टिअरिंग, त्यामुळे जरा लांबड लावतो, चालवून घ्या.

पहिलं म्हणजे ही रेल्वेची इंजिनं नाहीत. आपल्याला वाफेचं इंजिन म्हटलं की रूळ आठवतात, पण इथे गावच्या मैदानात जी येतात ती रस्त्यावर आणि शेतात चालणारी, लोखंडी चाकांची, दहा-बारा टनांची ट्रॅक्शन इंजिनं, सोबत रोड रोलर, नांगरणीची इंजिनं, जत्रेतले पाळणे ओढून नेणारी आणि त्यांना वीज पुरवणारी सजवलेली इंजिनं, वाफेवरच्या लॉऱ्या, आणि पोरांच्या उंचीला येतील अशी अर्ध्या-पाव मापाची चालती मॉडेल्स. आपल्याकडे बांधकाम खात्याच्या आवारात गवतात उभा असलेला जुना वाफेचा रोलर तुम्ही पाहिला असेल, त्याच्या पुढच्या बाजूला मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला घोडा असतो, तो केंट परगण्याचा घोडा, रॉचेस्टरच्या एव्हलिंग अँड पोर्टर कंपनीचा शिक्का. तोच घोडा तुम्हाला रॅलीत दिसेल, फक्त इथे तो ब्रासो मारून चकाकत असतो. पोरांना सांगा घोडावाली इंजिनं शोधा, अर्धा तास आरामात जातो.

हे मेळे सुरू कसे झाले तेही सांगतो, कारण त्याशिवाय गावाचा त्यातला जीव कळत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टर सर्रास झाले आणि ही इंजिनं भंगाराच्या भावात जायला लागली, आज दिसतात त्याच्या कितीतरी पट कापली गेली. १९५० मध्ये डिडकॉटजवळच्या ॲपलफर्ड गावात आर्थर नॅपर नावाच्या शेतकऱ्याने आपलं मार्शल कंपनीचं 'ओल्ड टायमर' नावाचं इंजिन काढलं, माइल्स चेटविंड-स्टेपिल्टन यांनी एव्हलिंगचं 'लेडी ग्रोव्ह' आणलं, आणि दोघांनी एक छोटं पिंप बिअरच्या पैजेवर शेतात शर्यत लावली. नॅपर जिंकले. पण लोक बघायला आले हे महत्त्वाचं, कारण पुढच्या वर्षांत तिथेच मोठे मेळे भरायला लागले, १९५४ मध्ये इंजिनवाल्यांचा राष्ट्रीय क्लब झाला (तोच आजचा नॅशनल ट्रॅक्शन इंजिन ट्रस्ट), आणि भंगारवाल्याच्या दारातून इंजिनं परत यायला लागली. डॉर्सेटमधला ग्रेट डॉर्सेट स्टीम फेअर १९६९ ला सुरू झाला, तो एवढा वाढला की शेकडो एकरांत भरायचा, आणि २०२२ नंतर बंद पडला. माझं स्पष्ट मत आहे की छोट्या गावचा मेळा जास्त चांगला. वीस-पंचवीस इंजिनं असतात, दोरीच्या पलीकडचा माणूस तुमच्याशी बोलतो, आणि दुपारी चहा गावातल्याच बायका देतात, त्या पैशातून चर्चचं छप्पर नाहीतर गावचा हॉल दुरुस्त होतो.

आता बघायचं काय. बहुतेक लोक दुपारी मुख्य रिंगणातली परेड बघून, आईस्क्रीम खाऊन परत जातात, आणि मग म्हणतात की छान होतं पण दोन तासात कंटाळा आला. परेड ही सगळ्यात शेवटी बघायची गोष्ट आहे. शक्य असेल तर कॅम्पिंगचं तिकीट काढा आणि आदल्या रात्री तिथेच तंबू टाका, कारण खरा कार्यक्रम सकाळी सहा-सातला सुरू होतो, इंजिनं पेटवताना. तंबू जमत नसेल तर गेट उघडल्या उघडल्या आत शिरा.

पेटवणी म्हणजे काय ते नीट सांगतो. आधी माणूस काडी ओढत नाही, आधी तो गेज ग्लास बघतो. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते दाखवणारी उभी काचेची नळी, ती बघितल्याशिवाय आग लावायची नाही, हा नियम कारखान्यातही तोच आणि इथेही तोच. थंड बॉयलरला अर्धी काच पाणी असलं की बास, गरम झालं की ते फुगून वर येतंच. मग पुढचं स्मोकबॉक्सचं दार उघडून फायर ट्यूबमधून लांब दांडीचा ब्रश फिरवतात, कालची काजळी काढतात, मागे ॲशपॅन खरवडून राख काढतात. मग जाळीवर तेलात भिजवलेल्या चिंध्या, त्यावर सुकी लाकडं, ती धडधडून पेटली की वर कोळसा, तोही थोडा थोडा. वाफ नसताना धूर ओढून घ्यायला काही नसतं म्हणून चिमणीवर अजून एक लांब पाइप चढवतात, एवढ्या सगळ्या इंजिनांवर एकदम ते उंच पाइप लागले की मैदान वेगळंच दिसतं. थंड इंजिनाला कामाचं प्रेशर यायला तीन-चार तास लागतात, आणि घाई केली तर प्लेटा एका बाजूला तापून दुसऱ्या बाजूला थंड राहतात, तिथेच बॉयलरचं आयुष्य कमी होतं. प्रेशरचा काटा (चौरस इंचाला) वीस-तीस पाउंडावर आला की ब्लोअर उघडतात, चिमणीत वाफेचा बारीक झोत सोडतात, आणि आगीचा आवाजच बदलतो. मधल्या वेळात फावडं पुसून, धुऊन, आगीत धरून त्यावर बेकन आणि अंडी तळतात, तो सकाळचा नाश्ता. शाकाहारी असाल तर स्मोकबॉक्समध्ये फॉइलात गुंडाळून बटाटे ठेवायला सांगा, कोणीही ठेवू देतं, दुपारपर्यंत मस्त भाजतात.

याच वेळी पितळ घासणं चालू असतं, बेअरिंगला तेल देणं चालू असतं, पोळ्याला सकाळी बैल धुऊन रंगवतात ना, अगदी तसं घरातली तीन पिढ्यांची माणसं एका इंजिनाला लागलेली असतात. या वेळी माणसं मोकळी असतात, बोलायला उत्सुक असतात, आणि पोराच्या हातात एक फडकं देऊन पितळेची पट्टी घासायला लावतात. दुपारी तोच माणूस कामात असतो.

आता तुमच्या भीतीबद्दल. भीती रास्त आहे, पण ती योग्य ठिकाणी ठेवा. लोकांना वाटतं वाफ धोक्याची. खरं तर धोका पाण्यात असतो. ही इंजिनं साधारण दीडशे-दोनशे पाउंड प्रेशरवर चालतात, म्हणजे दहा ते चौदा बारच्या आसपास, दहा बारला आतलं पाणी १८० अंशांच्या वर असतं आणि केवळ दाबामुळे द्रव राहिलेलं असतं. बॉयलर फाटला की दाब क्षणात जातो, त्या पाण्यातल्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास पाणी एका झटक्यात वाफ होतं, आणि एक लिटर पाण्याची सोळाशे लिटरपेक्षा जास्त वाफ होते. हिशोब तुम्हीच करा.

तर मग फाटतो कधी? मुख्यतः दोन कारणं, पाणी कमी पडणं आणि पत्रा गंजून पातळ होणं. आगीच्या पेटीवरची जी प्लेट असते, फायरबॉक्सचा क्राऊन, तिच्या खाली आग आणि वर पाणी. पाणी आहे तोवर प्लेट फारशी तापू शकत नाही, पाणी उष्णता खेचून घेतं. पाणी खाली गेलं की काही मिनिटांत प्लेट लालभडक होऊन मऊ पडते आणि आत दबते. म्हणून क्राऊनमध्ये फ्यूजिबल प्लग असतो, मध्ये शिसं भरलेला पितळेचा बूच, पाणी उतरलं की शिसं वितळून वाफ आगीवर येते आणि ड्रायव्हरला कळतं. अमेरिकेत ओहायोतल्या मेडिना कौंटीच्या मैदानावर २९ जुलै २००१ ला केस कंपनीचं एक मोठं इंजिन असंच फुटलं आणि पाच माणसं गेली, पाणी कमी होतं आणि बॉयलरची अवस्था वाईट होती. हे मी घाबरवायला नाही सांगत, इंजिनवाल्यांत नवीन पोराला शिकवताना आजही हे उदाहरण देतात आणि द्यायलाच पाहिजे.

ब्रिटनमध्ये काय होतं, तर रॅलीत येणाऱ्या इंजिनाला बॉयलरचा चालू वर्षाचा रिपोर्ट आणि इन्शुरन्स लागतो, आयोजक कागद बघितल्याशिवाय आत घेत नाहीत. इन्स्पेक्टर दरवर्षी दोनदा बघतो. एकदा थंड असताना, सगळी झाकणं उघडून, आत टॉर्च घालून, हातोडीने ठोकून आवाज ऐकून, शंका आली तर अल्ट्रासॉनिकने जाडी मोजून. आणि एकदा वाफेवर, सेफ्टी व्हॉल्व्ह (दाब जास्त झाला की आपोआप उघडून वाफ सोडणारा) किती प्रेशरला उडतो ते समोर उभं राहून. आपल्याकडे १९२३ च्या बॉयलर कायद्याखाली (२०२५ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला) कारखान्यात वर्षाला जे इन्स्पेक्शन होतं त्यातली शिस्त आणि यातली शिस्त यात मला फार फरक वाटला नाही. उलट इथे मालक स्वतः ट्यूब घासत असल्यामुळे त्याला आपला बॉयलर जास्त पाठ असतो.

तरी तुम्हाला स्वतःला खात्री करायची असेल तर एक सोपी युक्ती. इंजिनाच्या मागच्या बाजूला, ड्रायव्हर उभा असतो तिथे, दोन मिनिटं थांबा आणि तो काचेकडे किती वेळा बघतो ते बघा. चांगला ड्रायव्हर गप्पा मारतामारता, चहा पितापिता, तुमच्या खांद्यावरून त्या काचेकडे बघत असतो. मधूनच तो काचेचे कॉक उघडबंद करेल, आधी वाफेची बाजू फुंकून बघेल, मग पाण्याची, आणि शेवटी पाणी झटकन उसळी मारून परत जागेवर येतं का बघेल. ते हळू हळू रांगत वर आलं तर आतला मार्ग कुठेतरी चोंदलाय आणि काच खोटं दाखवतेय. पाणी भरायलाही दोन स्वतंत्र सोयी असतात, एक इंजेक्टर, म्हणजे वाफेच्या झोताने पाणी आत ढकलणारा, आणि एक इंजिनावर चालणारा पंप, एक रुसला तर दुसरा. हे सगळं पोराला दाखवा, नऊ वर्षांच्या मुलाला पूर्ण कळतं.

उतारावर तर काचेची खरी परीक्षा. फायरबॉक्स मागे असतो, त्यामुळे इंजिन उतरायला लागलं की पाणी पुढे धावतं आणि नेमका क्राऊन उघडा पडायची भीती, म्हणून मोठा उतार यायच्या आधीच पाणी भरून घेतात. चढावर उलटं, काचेत भरपूर दिसतं पण ते खरं नसतं. शिवाय उतारावर गिअर काढायचा नाही म्हणजे नाही, गिअर उभं राहूनच बदलायचा, कारण बारा टन लोखंड हँडब्रेकवर थांबत नाही, ते इंजिननेच धरून ठेवावं लागतं. आणि स्टिअरिंग साखळीने होतं, चाक गरागरा फिरवलं की मग पुढची चाकं सावकाश वळायला लागतात, म्हणून ड्रायव्हर वेगळा आणि स्टिअरिंगवाला वेगळा, दोघांचं न बोलता जमावं लागतं.

मुलांच्या बाबतीत माझी खरी काळजी बॉयलरची नाही, चाकांची आहे. ड्रायव्हरला समोर बॉयलर आणि चिमणी दिसते, त्याच्या पुढे पाच-सहा फुटांवर उभं असलेलं लहान पोर दिसत नाही. चालत्या इंजिनाच्या पुढून पळायचं नाही, मागे सरकणाऱ्या इंजिनाच्या मागे उभं राहायचं नाही, एवढं दोघांना घरून निघतानाच सांगा. दुसरं, सेफ्टी व्हॉल्व्ह अचानक उडतो आणि प्रचंड आवाज होतो, लहान मुलं रडतात, आधी सांगून ठेवलं तर हसतात. पांढरे कपडे घालू नका, काजळीचे ठिपके धुऊन जात नाहीत. गमबूट ठेवा गाडीत.

दुपारी रिंगणाऐवजी दोन ठिकाणी जा. एक मळणी. लांब चामडी किंवा कॅनव्हासचा पट्टा इंजिनाच्या फ्लायव्हीलवरून मळणी यंत्रावर चढवलेला असतो, इंजिन आणि यंत्र एका रेषेत आणणं हीच अर्धी कला, बोटभर वाकडं असलं तरी पट्टा उतरतो. वर उभा असलेला माणूस पेंढ्या सोडून आत टाकतो, आणि पेंढी ड्रमला भिडली की इंजिनाचा आवाज एकदम जड होतो. हे का होतं ते ऐकण्यासारखं आहे. लोड आला की गव्हर्नरचे, म्हणजे वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेचे, फिरते गोळे खाली येतात, जास्त वाफ सिलिंडरमध्ये जाते, तीच वापरलेली वाफ चिमणीतून जोरात बाहेर पडते आणि जाताना आगीतून हवा ओढते, म्हणजे इंजिन जितकं जास्त राबतं तितकी त्याची आग आपोआप तेज होते. ना सेन्सर ना काही. इतकी वर्षं झाली तरी हा आवाज बदलला की माझं हातातलं काम थांबतं. आणि गंमत म्हणजे या मळणीसाठी गहू मुद्दाम जुन्या उंच जातीचा पेरावा लागतो, बाइंडरने कापून पेंढ्या बांधाव्या लागतात, कारण आजचा ठेंगणा गहू कंबाइनसाठीच आहे. इंग्लंडात गवती छपराची घरं शाकारायला जो लांब पेंढा लागतो तो अजूनही असाच कापून, अशाच जुन्या यंत्रांवर मळून काढतात, तेव्हा हे नुसतं दाखवण्यापुरतं काम नाही.

दुसरं ठिकाण नांगरणी, पण ती सगळ्या गावात नसते, जागा लागते. असेल तर बाकी सगळं सोडा. शेताच्या दोन टोकांना दोन इंजिनं, पोटाखाली आडवा ड्रम, त्यावर गुंडाळलेला शेकडो मीटर वायर रोप, आणि मध्ये सी-सॉसारखा दुतोंडी नांगर, एक इंजिन ओढतं तेव्हा दुसरं दोर सोडतं, टोकाला आलं की नांगराचं दुसरं तोंड खाली टेकवायचं आणि उलट सुरू. इंजिन शेतात शिरतच नाही, त्यामुळे माती दबत नाही, आजच्या मोठ्या ट्रॅक्टरची जी अडचण आहे ती या लोकांनी सोडवून ठेवली होती. लीड्सच्या जॉन फाउलरला दोराने ओढायच्या वाफेवरच्या नांगरणीसाठी १८५८ मध्ये रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचं ५०० पाउंडांचं बक्षीस मिळालं. दोन ड्रायव्हर एकमेकांपासून इतके लांब की बोलणं शिट्टीतून, चुकीच्या वेळी ओढलं तर नांगरावर बसलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो.

संध्याकाळी अंधार पडायला लागला की सजवलेली शोमनची, म्हणजे जत्रावाल्यांची, इंजिनं बघा, पिळाचे पितळी खांब, लांब छत, पुढे चिमणीसमोर बसवलेला डायनामो. थेटफर्डच्या बरेल कंपनीची सगळ्यात देखणी, माझ्या मते. लोडवर आल्यावर छताचे दिवे थोडे मंद होतात आणि परत सावरतात, ते बघा.

एक गोष्ट मनापासून सांगतो, काळजीची आहे. कोळसा. वेल्सचा कोळसा या इंजिनांना सगळ्यात चांगला, धूर कमी, आच लांब टिकणारी. वेल्समधली फॉस-इ-फ्रानची मोठी खाण २०२३ मध्ये बंद झाली, आता परदेशातून येतो तो जळताना वेगळा वागतो, कोणी दाबून केलेल्या गोळ्या वापरतंय, त्यांच्या राखेने जाळी चोंदते, आग कशी ठेवायची ते पुन्हा शिकावं लागतंय. हवामानाचा प्रश्न खरा आहे आणि मी तो नाकारत नाही, पण एक इंजिन वर्षातून मोजके दिवस पेटतं, आणि ते पेटायचं थांबलं तर आग हाताळणं जाणणारी माणसंही एका पिढीत संपतील. पुस्तकात वाचून आग कळत नाही, फावडं हातात घेऊन दाराशी उभं राहिल्यावर कळते, रंगावरून, आवाजावरून.

म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर जोरात हो. वर सांगितलेल्या नॅशनल ट्रॅक्शन इंजिन ट्रस्टचा मुलांसाठी वेगळा स्टीम ॲप्रेंटिस क्लब आहे, नऊ वर्षांच्याला त्याची चौकशी आजच करा. तुम्ही स्वतः रॅलीत सकाळी एखाद्या इंजिनाजवळ जाऊन सरळ विचारा की पुढच्या वेळी ट्यूब घासायला येऊ का. डिग्री सांगू नका लगेच, त्याचा उपयोग नंतर होईल, हिवाळ्यात इंजिन उघडतात तेव्हा मोजमाप घेणारा, ड्रॉइंग काढणारा माणूस सगळ्यांना हवा असतो. पहिला उन्हाळा घासणं, राख काढणं आणि पाणी वाहणं यातच जाईल, मग स्टिअरिंग, मग आग, आणि रेग्युलेटर, म्हणजे वाफ सोडून इंजिन चालवायचा दांडा, सगळ्यात शेवटी. जाताना जाड सुती ओव्हरऑल घालून जा, पॉलिस्टरचं नको, ठिणगी पडली की ते वितळून अंगाला चिकटतं, आणि चामड्याचे हातमोजे स्वतःचे न्या, तिथे नेहमी एक जोडी कमी असते.